भीती वाटली का लाज?

क्रेनकाका स्वतःच्या मनाच्या आजाराबद्दल ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात भिलाईतल्या आमच्या सेक्टरमधल्या बायका खेळणाऱ्या पोरांना जेवायला हाका मारत. रविवारच्या बाजारात, दुधाच्या रांगेत, गणपतीच्या मंडपात, कुठेही. "बऱ्याच दिवसांनी दिसले, कुठं होते?" असं कोणी सहज विचारलं, तर काका म्हणत, "मनाचा इलाज चालू होता. आठ महिने. आता बरा हाय." विचारणारा गडबडून दुसरीकडेच बघू लागे. काकू मागून त्यांच्या सदऱ्याला हिसका देत. "अहो, हळू बोला ना."

"कावून? तुह्यं पित्ताचं ऑपरेशन झालं तवा तू साऱ्या ब्लॉकले टाके दाखवले नाही का?"

आमचं क्वार्टर खाली आणि त्यांचं वर, त्यामुळे हा संवाद मी लहानपणापासून निदान वीस वेळा ऐकला असेल. तेव्हा मला ते सगळं गमतीचं वाटायचं.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. स्टील प्लांटमध्ये ते शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी मोठी क्रेन चालवत. लोखंडी शिडी चढून वर केबिनमध्ये बसायचं आणि खालून जो माणूस हाताने खुणा करील त्याप्रमाणे वजन उचलायचं, सरकवायचं, ठेवायचं. खालचा गोंगाट इतका की वर एक शब्द पोचत नसे. त्यामुळे काकांना एक सवय जडली होती. माणूस बोलू लागला की ते त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत. माझे वडील त्याच प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. ते हसून म्हणत, "याच्याशी खोटं बोलायचं असेल तर हात खिशात घालून बोलावं."

बावीस वर्षं चढलेल्या त्या शिडीवर एका सकाळी तिसऱ्या पायरीपाशी काकांचे पाय थांबले. अपघात नाही, चक्कर नाही, काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तपासण्या झाल्या, त्या सगळ्या ठीक आल्या, आणि त्यांना खालचं काम दिलं गेलं. मग सुरू झाला त्यांचा डॉक्टरांचा शोध, ज्याची हकिगत ते रंगवून सांगत. एकाने प्राणायाम शिकवला. "श्वास मोजता आला, शिडी नाही चढता आली." दुसऱ्याने छापील प्रश्नांचा गठ्ठा देऊन उत्तरांपुढे खुणा करायला सांगितल्या. तिसरा काकांचं वाक्य अर्ध्यातच पुरं करून टाकायचा. चौथ्याकडे सहा वेळा गेले आणि सहाही वेळा पावसापाण्याच्या आणि क्रिकेटच्या गप्पा झाल्या. "त्याच्याकडे जायले लई मजा यायची. म्हणूनच सोडला." गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना मात्र त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. त्या गोळ्यांनी त्यांची झोप परत आली होती.

पाचवे डॉक्टर थोडे अडखळत बोलत. काका त्यांच्याकडे टिकले. "ज्याचा सोताचा शब्द निघायले वेळ लागते ना, तो दुसऱ्याच्या शब्दासाठी थांबते," असं ते म्हणत. आठ महिन्यांनी ते परत शिडी चढले आणि निवृत्त होईपर्यंत चढत राहिले. ते डॉक्टर पुढे दक्षिणेत कुठेतरी निघून गेले. काकांनी मात्र एक नवं काम अंगावर घेतलं. ब्लॉकमध्ये, ओळखीत, कोणाचं मन बिघडलं असं कळलं की ते त्याला स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरकडे नेत आणि बाहेर बसून राहत. आत काय बोलणं झालं ते कधीच विचारत नसत. परतताना एवढंच विचारत, "भीती वाटली का लाज?"

या प्रश्नाचा अर्थ मला तिशी जवळ आल्यावर कळला, तोही बाबा गेल्यानंतर.

मी तेव्हा एका खाजगी शाळेत शिकवत होते. शनिवारची संध्याकाळ होती. सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानात बाबांचा नवा चष्मा तयार होता आणि तो त्यांना आजच हवा होता. माझ्यापुढे पेपरांचा ढीग होता. मी स्कूटर काढली, बाबा मागे बसले, आणि घराच्या फाटकापासूनच आमची कुरबुर सुरू झाली. सुपेल्याच्या चौकाच्या थोडं अलीकडे एक गाय आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं पडलो. माझं कोपर सोलवटलं. बाबांचं डोकं दुभाजकावर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"तुझी काही चूक नाही," असं मला जो येईल तो सांगे. मी मान हलवे. दोन महिन्यांत शाळेतली नोकरी सुटली. रस्ता ओलांडायचा म्हटलं की मी कडेलाच थबकायची आणि तशीच घरी परत फिरायची. आई काही बोलत नसे. ती आधीही फार बोलणारी नव्हती. आता जेवायला ताट वाढायची आणि बाजूला बसून राहायची.

एक दिवस क्रेनकाका खाली आले. खुर्चीत बसून बराच वेळ माझे हात बघत राहिले. नखांभोवतीची कातडी मी कुरतडून लाल केली होती.

"वैशू, उद्या दहा वाजता निघू."

"कुठं?"

"डॉक्टरकडे. मी बाहेर बसतो. तू आत जाय. पटला तं ठीक, नाही तं दुसरा पाहू. डॉक्टर काही नवरा नोय का एकदा केला म्हणजे झालं."

आमच्या स्वयंपाकघरात आईला मदत करणाऱ्या काकूंचा आवाज आला, "तेवढं बरं बोलता तुम्ही!" खूप दिवसांनी आई किंचित हसली.

स्कूटरवर बसायला मी तयार नव्हते. काकांनी हट्ट केला नाही. स्वतःची गाडी घरी ठेवून ते माझ्याबरोबर पायी निघाले, रस्त्याच्या कडेकडेने, दोन किलोमीटर.

पहिले डॉक्टर वयस्कर, नावाजलेले आणि खरोखर प्रेमळ होते. मी तीन वाक्यं बोलले असेन, तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचेही वडील असेच अचानक गेले होते. त्यांनी ती सारी हकिगत मला सांगितली, मी अपराधी नाही हे समजावलं, स्वतःला माफ करायला सांगितलं. मीच त्यांचं सांत्वन केल्यासारखं करून बाहेर आले. काका पायरीवर बसले होते.

"कसा हाय?"

"खूप चांगले आहेत."

"ते तं सारं भिलाई सांगते. तुह्यं काय? भीती वाटली का लाज?"

मी विचार केला. एवढ्या भल्या माणसाचा वेळ आपण उगाच घेतला, असं वाटत होतं. "लाज," मी म्हणाले.

मग वाटेत चालता चालता त्यांनी मला समजावून सांगितलं. "भीती वाटली तं समज, काहीतरी जवळ आलं. तिथं अजून जा लागते. लाज वाटली तं समज, त्या खोलीत तू लहान झाली. मंग डॉक्टर किती का मोठा असेना."

दुसरी मी स्वतःच शोधली. दूरच्या शहरातली माझ्याच वयाची मुलगी, लॅपटॉपवर, इंग्रजीत. ती हुशार होती. दर आठवड्याला तक्ते भरून पाठवायला सांगायची आणि मी तक्ते अगदी सुबक भरायची. शिक्षिकाच ना मी. ती म्हणायची, फार छान प्रगती आहे. दोन महिने मी पहिल्या नंबराने पास होत राहिले आणि रस्ता मात्र ओलांडता येत नव्हता.

काकांनी विचारलं, "तिचे हात कुठं असतात, तू रडली म्हणजे?"

"हात दिसत नाहीत काका. नुसता चेहरा दिसतो."

"अन् तू रडते का?"

"इंग्रजीत रडू येत नाही मले."

हे मी गमतीत म्हणाले होते. काका हसले नाहीत. "तू तिले खूश करून राहिली. अशानं तिलेही नाही समजणार अन् तुलेही." सगळ्यांनाच असं होत नाही, हे मी आता जाणते. माझ्या एका मैत्रिणीला लॅपटॉपवरच्याच डॉक्टरने सावरलं. पण माझ्या बाबतीत काका बरोबर होते.

त्या मुलीला निरोप देताना काकांनी मला आणखी एक गोष्ट करायला लावली. पहिल्या डॉक्टरांना मी न कळवताच सोडलं होतं. काका म्हणाले, "सांगून ये. असं गायब नाही होऊन जावं. त्यायले वाटलं असंल, पोरगी बरी झाली, नाही तं मेली." मी घाबरत गेले. डॉक्टरांना अडखळत सांगितलं की तुमच्यापाशी मला बोलता आलं नाही. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते हसले. "बेटा, मैं ज़्यादा बोलता हूँ, मेरी पत्नी भी कहती है। तुम्हें कोई कम बोलनेवाला चाहिए." आणि त्यांनीच एका चिठ्ठीवर एका बाईंचं नाव लिहून दिलं. त्या जवळच्या उतई गावात राहत आणि आठवड्यातून दोनदा आमच्या बाजूच्या सेक्टरमधल्या छोट्या दवाखान्यात येत.

उतईच्या मॅडम चाळिशीच्या, साधी सुती साडी नेसणाऱ्या, छत्तीसगढी वळणाची हिंदी बोलणाऱ्या. टेबल भिंतीला लावलेलं, मधे काही नाही, दोन खुर्च्या. पहिल्या दिवशी मी रडले तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि हात परत मांडीवर ठेवले. "रडू नका" म्हणाल्या नाहीत. अर्धा तास त्या जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत. शेवटी विचारलं, "पापा से घर में कौन सी बोली में बात होती थी?" मी म्हणाले, मराठी, आमची इकडची. "तो वैसे ही बोलिए। जो मुझे समझ नहीं आएगा, मैं पूछ लूँगी।"

काकांना मी सांगितलं, "पुढच्या बुधवारी पुन्हा जायचं आहे."

चौथ्या बुधवारी मात्र सगळं बिनसलं. चष्म्याबद्दल, पेपरांबद्दल, फाटकापाशी झालेल्या कुरबुरीबद्दल मी सांगत होते. मॅडमनी शांतपणे विचारलं, "गिरने से पहले आख़िरी बात किसने की थी?" मी उठले, चपला घातल्या आणि बाहेर आले. काका उभे राहिले.

"ही पण नको. दुसरी पाहा."

"काय झालं ते नाही इचारत. भीती वाटली का लाज?"

"काका, चला."

"उत्तर देऊन चाल."

"भीती! झालं समाधान?"

"मंग आज नाही बदलायची. पुढल्या बुधवारी यायचं."

मी तिथल्या तिथे, चार लोकांदेखत ओरडले. "तुम्ही क्रेन चालवत होते काका, डॉक्टर नाही आहात! तुमच्या शिडीत अन् माझ्या बाबात फरक आहे!"

काकांचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हात खिशात घालताना पाहिलं. ते माझ्यामागे चार पावलं अंतर ठेवून घरापर्यंत चालत आले आणि वर गेले. आठवडाभर ते खाली फिरकले नाहीत. काकूंनी आईला सांगितलं की ते नीट जेवतही नाहीत.

पुढच्या बुधवारी साडेनऊला दारावर थाप पडली. काका इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. "तू नाही आली तरी चालते. मी बसून येतो तिथं," म्हणाले. काय करणार, मी चपला घातल्या.

त्या दिवशी वाटेत त्यांनी मला त्यांच्या शिडीची खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांना वाटत होतं, थोरल्या मुलाने, म्हणजे काकांनी, प्लांट सोडून गावी परत यावं. यावरून एकदा जोराचं भांडण झालं आणि बापलेकांत चार वर्षं अबोला राहिला. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा काका घरीच होते, सुट्टीवर. "गाडी होती, येळ होता. मी मुद्दाम नाही गेलो वैशू. म्हटलं, त्यायनं बोलावलं होतं का? माती द्यायले सारा गाव होता, मी नव्हतो. दीड वरसानं पाय थांबले. डॉक्टरले पहिले पाच महिने मी हे सांगतलंच नाही. आजही तुह्या काकूले आर्धंच माहीत हाय."

एवढं बोलून त्यांनी रस्त्याच्या पलीकडे बघितलं आणि पाणीपुरीवाल्याच्या गाडीला नवा रंग दिला आहे असं काहीतरी म्हणाले.

आत गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि सांगून टाकलं. बाबा मागून म्हणाले होते, "हळू घे वैशू, चष्मा काही पळून नाही चालला." आणि मी म्हणाले होते, "मग उतरा अन् पायी जा."

त्यानंतर गाय आली होती.

हे वाक्य मी कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडमना "पायी जा" कळलं होतं, पण तरी त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला सांगितलं, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटला. "चूक नाही" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. पुढे कितीतरी बुधवार आम्ही त्या एका वाक्यापाशी बसलो. मी रागात बोललेलं एक वाक्य आणि रस्त्यावर आलेली एक गाय, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं मला समजायला हिवाळा उलटला.

मग मी आईला सांगितलं. दुपारी, ती वाळलेले कपडे घडी करत होती. तिने ऐकून घेतलं, कपडे उचलले आणि आतल्या खोलीत गेली. दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं, सगळं मोडलं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "तू भांडून निघाली हे मले माहीत होतं. मी फाटकातच उभी होती. पुढं काय बोलली असशील त्याचाही अंदाज होता. तू माहीच पोरगी हायेस."

"मग बोलली का नाही इतके दिवस?"

"तू बोलशील म्हणून थांबली. राग आला होता. आताही नाही असं नाही." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पण सांगितलं ते बरं केलं."

उन्हाळ्यापर्यंत मी रस्ते ओलांडू लागले आणि जूनमध्ये दुसऱ्या शाळेत रुजू झाले. क्रेनकाकांना तोवर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी क्वार्टर सोडलं आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना ते काकूंना घेऊन गावी राहायला गेले, वडिलांच्या घरात. दुर्ग स्टेशनावर आम्ही पोचवायला गेलो होतो. मी पाया पडले तर म्हणाले, "माह्यासारखी लोकायच्या मागं लागू नको. कोणी आपल्याहून आलं तं संगं जाय. अन् बाहेरच बैस."

गावाहून त्यांचे फोन येत. बांधावरच्या तुरी, तळ्यात आलेले पक्षी, काकूंचा गुडघा. तीन वर्षांनी, भाताची कापणी चालू असताना, काकूंचा फोन आला. काका शेतातून आले, ओसरीवर बसले, पाणी मागितलं आणि गेले.

मी आणि आई गावी गेलो. काकूंपाशी बसलो. त्या म्हणाल्या, सुखाने गेले, आता काही राहिलं नव्हतं त्यांच्या मनात. संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. डब्यात गर्दी नव्हती. आई खिडकीशी बसली होती आणि बाहेर कापलेली शेतं मागे जात होती. गोंदिया गेल्यावर अचानक ती बाबांबद्दल बोलू लागली. लग्नानंतर पहिल्यांदा भिलाईला आली तेव्हा बाबांनी तिला सेक्टरचे आकडे कसे पाठ करवले, ते तिच्यावर रागावले की कसे मुद्दाम तिच्याच भावाला तक्रारीचं पत्र लिहायला बसायचे. त्या संध्याकाळी फाटकातून ती आमच्यामागे हाक मारणार होती, "उद्या जा" म्हणणार होती, आणि भाजी करपेल म्हणून आत गेली होती. हे मला माहीत नव्हतं. मी तिला मधे थांबवलं नाही. "तुझी काही चूक नाही" हे माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वैशू, मलेही कोणापाशी तरी बोलायचं आहे."

"उतईच्या मॅडमना विचारू?"

"नको. ती तुही बाई हाय. तिच्यासमोर मी तुह्याबद्दल काही बोलली तं तुले कसं वाटंल? माह्यासाठी दुसरी पाहू."

"कशी पाहिजे?"

आईने पदर नीट केला आणि विचार करू लागली. "वयानं मोठी पाहिजे. मराठी आलं तं बरं, नाही आलं तं निदान घाई नको. अन् देवाचं नाव घ्या म्हणणारी नको, ते मी घरी घेते." मग थोडं थांबून, "मी कोणावर रागावली, तं घाबरणारी नको."

दुर्ग येईपर्यंत ती सांगत होती.